एकाच शाईचा डोंगर, एकाच शाईचा राक्षस: ब्लॅक अँड व्हाईट साहसी कॉमिकचं पान कसं करायचं

वेताळाचा, म्हणजे कॉमिक्समधल्या त्या मुखवटेधारी फँटमचा, ड्रेस कोणत्या रंगाचा होता? घरात इंद्रजाल कॉमिक्सवर वाढलेले कोणी काका-मामा असतील तर विचारून पाहा, एक जण जांभळा म्हणेल, दुसरा शपथेवर निळा म्हणेल, आणि दोघं आपापल्या जागी बरोबर असतील. वेताळ पहिल्यांदा छापला गेला १७ फेब्रुवारी १९३६ ला, वर्तमानपत्रातल्या रोजच्या पट्टीत, नुसत्या काळ्या शाईत. रंगीत रविवारचं पान आलं ते १९३९ च्या मे महिन्यात. लेखक ली फॉकच्या मनात तो ड्रेस राखाडी होता, छापताना जांभळा झाला, मग इटलीत लाल झाला, स्वीडनमध्ये निळा झाला. म्हणजे तीन वर्षं वाचणाऱ्या प्रत्येकाने आपापल्या डोक्यात आपापला रंग भरला होता आणि कोणाचंही काही अडलं नाही.

मला ब्लॅक अँड व्हाईट कॉमिक्स का आवडतात याचं अर्धं उत्तर इथेच आहे. उरलेलं अर्धं मला स्वतः पानं काढायला लागल्यावर कळलं, ते असं की जादू, राक्षस, तलवार, जंगल अशा गोष्टी काळ्या-पांढऱ्यात जास्त खऱ्या वाटतात. काऊन? तर रंगीत पानावर तपकिरी डोंगर असतो आणि त्यावर हिरवा राक्षस असतो, डोंगर आपण पाहिलेला असतो, राक्षस नसतो, म्हणून तो वरून चिकटवल्यासारखा दिसायची भीती कायम राहते. काळ्या-पांढऱ्यात डोंगर पण शाईचा, राक्षस पण शाईचा, पोरीच्या हातातला कंदील पण शाईचाच. एकाच मातीची भांडी. डोळा एकदा शाईचा डोंगर खरा मानून बसला की त्याच शाईचा राक्षस नाकारायला त्याच्याकडे कारण उरत नाही. खालची सगळी पद्धत या एकाच गोष्टीसाठी आहे, पानावरची प्रत्येक वस्तू एकाच शाईतून आल्यासारखी दिसली पाहिजे.

आणि हे काही गरिबीतून आलेलं काम नाही. कॉनन या रानटी योद्ध्याचं रंगीत मासिक अमेरिकेत १९७० पासून चालू होतं, तरी १९७४ मध्ये त्याच कंपनीने त्याचंच 'सॅव्हेज स्वोर्ड ऑफ कॉनन' हे मोठ्या आकाराचं काळं-पांढरं मासिक काढलं आणि ते १९९५ पर्यंत चाललं, २३५ अंक. मोठ्या मासिकाला कॉमिक्सची तेव्हाची सेन्सॉरशिप लागू नव्हती हे एक कारण होतंच, पण चित्रं पाहाल तर दुसरं कारण आपोआप कळतं, जॉन ब्युसेमाच्या पेन्सिलवर आल्फ्रेदो आल्काला या फिलिपिनो चित्रकाराने शाईच्या रेघांची जी विणकारी केली आहे त्यावर रंग टाकला असता तर ती सगळी झाकली गेली असती.

आधी डोळा, मग हात

टाक-दौत घ्यायच्या आधी एक रविवार रामटेकला घालवा. नागपूरपासून पन्नास किलोमीटरच्या आसपास आहे, सकाळच्या गाडीने गेलात तर संध्याकाळी परत. सोबत फक्त एक जाड काळा मार्कर आणि एक छोटी वही, पेन्सिल नकोच, कारण पेन्सिल असली की आपण करडं करत बसतो आणि आज आपल्याला करडं दिसायलाच नको आहे.

गडावर जाताना दुपारच्या उन्हात पायऱ्यांकडे डोळे बारीक करून पाहा, जवळजवळ मिटलेच म्हणा ना. बारीकसारीक सगळं निघून जातं आणि दोनच गोष्टी उरतात, ऊन आणि सावली. पायरीचा वरचा भाग कोरा पांढरा, उभा भाग काळा. कमानीच्या आत तर काहीच दिसत नाही, सरळ काळं. तेवढंच काढा. मधलं काही दिसलं तरी त्याला काळ्यात टाका नाहीतर पांढऱ्यात टाका, निर्णय तुमचा, पण निर्णय घ्यायचा, टाळायचा नाही. हा निर्णय घेता येणं म्हणजेच ब्लॅक अँड व्हाईट येणं, बाकी सगळं हातवळणी आहे.

मग वानरं पाहा. रामटेकची वानरं माझे सगळ्यात चांगले मास्तर आहेत हे मी मनापासून सांगतो. अंगावरचे केस उन्हात पांढरेफटक, तोंड कुळकुळीत काळं. एकदा एक मोठं वानर भिंतीवर पाठीमागे उजेड घेऊन बसलं होतं, केसांची कड चमकत होती आणि तोंडाच्या जागी नुसतं एक भोक दिसत होतं, त्यात दोन बारीक ठिपके, डोळ्यातली चमक. नाक नाही, ओठ नाहीत, तरी ते माझ्याकडे रोखून पाहून राहिलंय हे मला पूर्ण कळत होतं. मी तिथेच वहीत काळा गोल काढला, दोन ठिपके कोरे सोडले, भोवती केसांच्या दहा-बारा रेघा. ती नोंद मी पुढे तीन वेगवेगळ्या राक्षसांना वापरली आहे.

उतरताना कर्पूर बावडी नक्की पाहा, दगडी खांब, मधे पाणी. पुढची चौकट, म्हणजे पानावरचं एक चित्र, आपण तिथेच घडवणार आहोत.

पुन्हा पुन्हा जायला जमत नसेल तर घरी संध्याकाळी लाईट बंद करा, मोबाईलचा टॉर्च एका बाजूने लावा आणि कोणाला तरी समोर बसवा. भाचा, बहीण, जो तयार असेल तो. एकच उजेड हवा. दोन उजेड आले की सावल्या भांडतात आणि शिकणाऱ्याचा गोंधळ होतो.

डाक तिकिटाएवढी पानं

आता गोष्ट ठरवा, छोटी ठरवा. माझं उदाहरण घेतो: रेवा नावाची चौदा-पंधरा वर्षांची मुलगी, गावातलं पाणी आटलं आहे, बावडीत काहीतरी येऊन बसलंय असं लोक म्हणतात, ती रात्री कंदील घेऊन पाहायला जाते. चार पानं पुरे.

प्रत्येक पानाचं एक पिटुकलं चित्र करा, दोन इंच बाय तीन इंच, मार्करने. चेहरे काढायचे नाहीत, कपडे नाहीत, फक्त काळं कुठे आणि पांढरं कुठे. अशी एका पानाची पाच-सहा करा, सगळी ओळीने भिंतीला लावा आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन पाहा. जे पान तिथूनही आकारात वाचता येतं ते घ्या. मी सुरुवातीला हे टाळायचो, वेळ जातो म्हणून, आणि मग तीन दिवस रेघा मारून झाल्यावर कळायचं की पानभर सगळं सारखंच करडं झालंय, नजर कुठे थांबावी तेच समजत नाही. तीन दिवसांपेक्षा वीस मिनिटं स्वस्त आहेत.

इथे दोन गोष्टी सांभाळा. एक, पानावरचे मोठे काळे ठिपके नजरेला रस्ता दाखवतात, पहिल्या चौकटीत काळं डावीकडे वर असेल, पुढच्या चौकटीत मधे, शेवटच्या चौकटीत उजवीकडे खाली, तर वाचणारा न सांगता त्या वाटेने उतरतो. दुसरं, पानात एक तरी चौकट जवळजवळ कोरी ठेवा. तिच्या शेजारची काळी चौकट मग दुप्पट काळी दिसते.

आकृत्यांची परीक्षा वेगळी घ्यायची. चांदोबात शंकर यांनी काढलेला विक्रम राजा आठवा, हातात तलवार, खांद्यावर प्रेत. त्याची झेरॉक्स काढून आतून पूर्ण काळं करा, डोळे-दागिने सगळं घालवा, तरी लहान पोरगंही सांगेल हा कोण ते. तुमची रेवा आणि तुमचा राक्षस या परीक्षेत पास झाले पाहिजेत. रेवाला मी एक लांब वेणी आणि वाकडा कंदील दिला तो याच्यासाठी, काळी करून टाकली तरी ती रेवाच राहते.

सामान, आणि आपलं हवामान

सामानावर फार पैसे घालू नका. नागपुरात बर्डीवर किंवा महालात कुठल्याही बऱ्या स्टेशनरीच्या दुकानात काम होतं. जाड, गुळगुळीत कागद, आयव्हरी किंवा ब्रिस्टल, ए-३ आकाराचा. कार्ट्रिज पेपरवर टाक अडकतो, त्यावर ब्रशनेच काम करा. वॉटरप्रूफ काळी ड्रॉइंग इंक, कॅम्लिनची शिकायला एकदम ठीक आहे. एक टाक आणि त्यात बसवायची जी-निब, एक गोल ब्रश दोन नंबरचा ज्याचं टोक पाण्यात बुडवून झटकलं की परत सुईसारखं होतं (दुकानातच पाहून घ्या, लाजू नका), मोठं काळं भरायला एक जाडा स्वस्त ब्रश, पांढरा पोस्टर कलर, २एच पेन्सिल, मऊ खोडरबर. नवीन निबवर तेलाचा थर असतो, स्पिरिटने पुसल्याशिवाय शाई धरत नाही, पहिल्या दिवशी निब खराब निघाली म्हणून फेकून देणारे मी पाहिले आहेत.

आता नागपूरकरांसाठी खास. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की निबवरची शाई कागदापर्यंत पोचायच्या आत घट्ट होते, रेघ मधेच तुटते. शेजारी ओलं फडकं ठेवा, दर आठ-दहा रेघांनी निब पुसा, शाई थोडीशीच छोट्या झाकणात काढून घ्या आणि बाटली बंद ठेवा. त्याहून मोठा शत्रू म्हणजे कूलर. कूलरच्या समोर बसून शाईकाम करायचं नाही म्हणजे नाही. कागद हवेतलं पाणी पितो, तुम्हाला हाताला कळत पण नाही, आणि मग रेघ मारली की शाई फुटते, कडेला बारीक केस आल्यासारखं होतं. मी एक आख्खं पान असं घालवलंय, दुपारभर कूलरच्या झोतात छान वाटत होतं आणि संध्याकाळी पाहतो तर सगळ्या चेहऱ्यांना दाढ्या. आता मी उन्हाळ्यात पहाटे पाच ते आठ काम करतो, पंखा सुद्धा हळू. पावसाळ्यात कागद प्लास्टिकच्या पिशवीत, कपाटात, आडवा ठेवायचा.

एक चौकट, सावकाश

चौकट अशी: रेवा बावडीच्या काठावर उभी, हातात कंदील, मागे खांब, खाली पाणी, पाण्यात ते.

पेन्सिल हलकी मारा आणि जिथे पूर्ण काळं येणार तिथे छोटी फुली करा. ही फुली फार जुनी, फार उपयोगी सवय आहे, शाई भरताना विचार करावा लागत नाही. उजेड एकच, कंदिलाचा. म्हणून प्रत्येक वस्तूला एकच प्रश्न विचारायचा, तुझं तोंड कंदिलाकडे आहे का पाठ आहे. तोंड असेल तर पांढरं, पाठ असेल तर काळं.

शाईचा क्रम मी असा ठेवतो. आधी टाकाने रेवाचा चेहरा आणि हात, कारण सकाळी हात स्थिर असतो आणि चेहरा चुकला तर बाकीचं करण्यात अर्थ नाही. चेहऱ्यावर रेघा कमीत कमी ठेवा. काळ्या-पांढऱ्यात गालावरची एक जास्तीची रेघ माणसाचं वय दहा वर्षांनी वाढवते. त्यानंतर लगेच मोठ्या ब्रशने फुल्यांची जागा भरून टाकायची, सगळं रात्रीचं आकाश, खांबांच्या मागचं सगळं, पाण्याचा दूरचा भाग. पुष्कळ जण काळं शेवटी भरतात, मला ते पटत नाही. कोऱ्या कागदावर आपण घाबरून नको तेवढ्या रेघा मारतो, आणि नंतर काळं आलं की त्यातल्या निम्म्या जास्त झालेल्या असतात. काळं आधी बसलं की कुठे काय उणं आहे ते दिसतं आणि तेवढंच करायचं.

दूरच्या खांबांना बाह्यरेषा देऊ नका. हे ऐकायला विचित्र वाटतं पण करून पाहा. खांबाची कंदिलाकडची एक उभी पट्टी कोरी सोडा, बाकी खांब मागच्या अंधारात विरघळू द्या. वाचणाऱ्याचा डोळा त्या एका पट्टीवरून आख्खा खांब उभा करतो, गोल, जड, दगडी, आणि तो तुम्ही काढलेल्या खांबापेक्षा चांगला असतो कारण तो त्याने स्वतः उभा केलेला असतो. वेताळाच्या ड्रेससारखंच.

काळं जिथे पांढऱ्याला भेटतं तिथे दोन पर्याय असतात. कड तीक्ष्ण ठेवली तर वस्तू कडक वाटते, दगड, लोखंड. कड मऊ हवी असेल, रेवाचा दंड, ओढणीची घडी, तर ब्रश काळ्यातून बाहेर ओढायचा, सुरुवातीला दाबून आणि शेवटी उचलून, म्हणजे रेघ जाड निघते आणि केसासारखी संपते. अशा शेजारी शेजारी पंधरा रेघा, सगळ्या वस्तूच्या गोलाईप्रमाणे वळलेल्या. याला सराव लागतो, रोज एक पान नुसत्या या रेघांचं भरा, महिनाभरात हात बसतो. मनगट टेबलावर रोवून मारू नका, कोपरापासून हात हलू द्या.

मधली छटा रेघांनी येते आणि वस्तू कशाची आहे हे पण रेघच सांगते. दगडाला तुटक, आखूड रेघा, दिशा बदलत जाणाऱ्या. पाण्याला आडव्या, लांब, मधे मधे सोडलेल्या. सागाच्या खोडाला उभ्या, किंचित थरथरणाऱ्या. केसांना झुपक्यांनी. धुराला तर बाह्यरेषा अजिबात नको, भोवतीचं गडद करून त्याला कोरा सोडा. आणि तलवारीला किंवा कंदिलाच्या पत्र्याला करडं लावू नका, धातू म्हणजे एकदम काळं आणि त्याला खेटून एकदम पांढरं, मधे काही नाही, चमक तिथूनच येते.

फ्रँकलिन बूथ नावाचा अमेरिकन चित्रकार होता, तो लहानपणी मासिकातली चित्रं पेनाने काढलेली समजून त्यांच्या नकला करत राहिला, ती खरी तर लाकडावर कोरून छापलेली असायची, एकेक रेघ हत्याराने कापलेली. तो त्या सगळ्या रेघा पेनाने गिरवून शिकला आणि त्यातून त्याची अशी काही शैली झाली की ढग आणि डोंगर दोन्ही एकाच विणीचे दिसतात. तुम्हीही हे करा. आवडत्या जुन्या काळ्या-पांढऱ्या पानातला दोन इंचाचा चौकोन निवडा, भिंगाखाली पाहा, तेवढाच दुप्पट मोठा करून रेघेला रेघ गिरवा. आख्खं पान गिरवण्यापेक्षा यात जास्त शिकायला मिळतं.

आता पाण्यातलं ते. सगळं पाणी काळं झालेलं आहे, त्यात पाठीची एक कमान, तीही अर्धीच, ओल्या चमकेची एक पांढरी रेघ. आणि कंदिलाकडे वळलेले दोन ठिपके. रामटेकच्या वानराचे. झालं, थांबा. इथे हात शिवशिवतो, खवले काढावे वाटतात, दात काढावे वाटतात. पुढच्या पानासाठी ठेवा.

राक्षस दिवसा कसा काढायचा

अंधारात राक्षस सोपा आहे. कसोटी लागते ती त्याला भर उजेडात आणताना, आणि त्यासाठी आपल्याकडे मारबतीसारखा, म्हणजे नागपुरात मिरवणुकीने नेतात त्या भल्यामोठ्या पुतळ्यासारखा, दुसरा धडा नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, इतवारीच्या बाजूला जागा धरून उभे राहा. ईडा पिडा घेऊन जा गे मारबत म्हणत लोक येतात, काळी मारबत गल्लीच्या तोंडाशी आली की आधी तुम्हाला ती दिसतच नाही, दिसतं ते हे की समोरची घरं, वायरी, आकाश यांचा एक तुकडा झाकला गेला. एवढी मोठी काळी वस्तू उन्हात असली की तिच्या आतलं काही कळायच्या आधी तिचा आकार कळतो. आणि तिच्या पायाशी लोक एवढे एवढे.

कागदावर हेच करायचं. राक्षसाचा साठ-सत्तर टक्के भाग सपाट काळा ठेवा, तपशील फक्त दोन ठिकाणी, तोंड आणि हात, कारण भीती तिथेच असते. त्याच्या शेजारी नेहमीच्या मापाची वस्तू ठेवा, विजेचा खांब, बैलगाडी, बाल्कनीतली माणसं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, रस्त्यावरच्या घरांच्या भिंतींना ज्या तुटक रेघा मारल्या आहेत तशाच थोड्या राक्षसाच्या अंगावरही येऊ द्या. तो त्या गावच्याच मातीतून उठलेला वाटतो. मी सुरुवातीला उलटं करायचो, घरं टाकाने आणि राक्षस मार्करने, म्हणजे तो उठून दिसावा म्हणून, आणि तो खरंच उठून दिसायचा, पानातून बाहेर निघून गेल्यासारखा.

करड्या टोनबद्दल थोडक्यात. कॉम्प्युटरवर ठिपक्यांचा टोन टाकता येतो, जपानी कॉमिक्समध्ये तो फार सुंदर वापरतात, पण पहिली दहा-वीस पानं त्याशिवाय करा. टोन आहे म्हटलं की काळ्या-पांढऱ्याचा निर्णय पुढे ढकलला जातो.

चुका दुरुस्त करायला पांढरा पोस्टर कलर, घट्ट कालवून, दोन हात. कंदिलाच्या ठिणग्या, पाऊस, चांदण्या हे सुद्धा शेवटी पांढऱ्याने. जाड कागदावर दाढीच्या नव्या ब्लेडने हळूच खरवडलं तर पावसाच्या रेघा पांढऱ्या रंगापेक्षा छान येतात. शाई पूर्ण वाळल्याशिवाय खोडरबर फिरवू नका, उन्हाळ्यात तासाभरात वाळते, पावसाळ्यात रात्रभर ठेवा.

छापताना

पान मोठं काढून लहान छापायचं असतं, त्याने हाताची थरथर लपते, पण त्याचा हिशोब आधी करावा लागतो. ए-३ चं पान ए-४ वर ७१ टक्के होतं, ए-५ वर अर्धं. म्हणजे दोन रेघांमधली अर्ध्या मिलीमीटरची जागा ए-५ वर पाव मिलीमीटर. माझ्या पहिल्या पुस्तिकेच्या पन्नास प्रती मी एका दुकानातून छापून घेतल्या, आधी नमुना पाहिलाच नाही, आणि हातात आल्या तेव्हा जंगलाच्या सगळ्या रेघा एकमेकीत मिसळून काळा चिखल झाला होता आणि आकाशाच्या मोठ्या काळ्यात पांढरे पट्टे पडले होते. चार महिन्यांचं काम होतं. मला अजून त्या जंगलाचं वाईट वाटतं.

म्हणून आता असं करतो. स्कॅन ६०० डीपीआयला, ग्रेस्केलमध्ये. मग थ्रेशोल्ड (किती गडद असलं की काळं धरायचं तो आकडा) लावून शुद्ध काळं-पांढरं करायचं, पेन्सिलचे उरलेले डाग तिथेच जातात, पण आकडा फार चढवू नका, बारीक रेघा फुगतात, फार उतरवलात तर तुटतात. चेहऱ्याजवळ मोठं करून पाहून मगच ठरवा. फाईल जेपीजी करू नका, कडेला धूळ बसल्यासारखं होतं, टिफ किंवा पीएनजी ठेवा. मग सगळ्यात गडद एक पान आणि सगळ्यात बारीक रेघांचं एक पान, एवढी दोनच पानं आधी छापून घ्या, ज्या मशीनवर आणि ज्या कागदावर शेवटी छापणार त्याच्यावरच. पट्टे पडत असतील तर मशीन बदला किंवा त्या काळ्याला तुकड्यात तोडा, आकाशात एखादा ढग कोरा सोडा. कागद पांढराशुभ्र नको, किंचित पिवळट घ्या, डोळ्याला त्रास होत नाही आणि काळं जास्त ऊबदार दिसतं. मागचं पान पुढे दिसत नाही ना तेही पाहा, काळ्या पानांच्या मागे हे हमखास होतं.

पानांची संख्या चारच्या पटीत ठेवा. ए-४ चे चार कागद मधे दुमडले की ए-५ ची सोळा पानं होतात, मधोमध दोन पिना. बरोब्बर मधल्या जोडपानावर दोन्ही पानं एकाच कागदावर येतात, मधे शिवण असली तरी चित्र सरकत नाही, म्हणून मोठं दृश्य तिथे टाका. रेवाच्या गोष्टीत मी तिथे बावडी टाकली आहे, वरून पाहिलेली, दोन्ही पानं काळी, आणि शिवणीच्या जरा डावीकडे कंदील, गव्हाच्या दाण्याएवढा. पिन मारताना तो कंदील वाचवा.